‘स्मोक ऑन द वॉटर’मधील आग: गाण्यातला प्रसंग किती खरा आहे?

प्रश्न: तारस्वर

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचे ‘स्मोक ऑन द वॉटर’ (पाण्यावरचा धूर) हे गाणे एका खऱ्या आगीवर आधारलेले आहे, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. गाण्यातील तपशील प्रत्यक्ष घटनेशी कितपत जुळतात? आणि जिथे ध्वनिमुद्रण करायचे ठरले होते ती वास्तूच जळून गेली असताना ‘मशीन हेड’ हा अल्बम पूर्ण कसा झाला? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: जुनी तबकडी

तपशील जवळजवळ जसेच्या तसे खरे आहेत, आणि माझ्या मते या गाण्याचे मोठेपण त्यातच आहे. इयान गिलन, रिची ब्लॅकमोर, रॉजर ग्लोव्हर, जॉन लॉर्ड आणि इयान पेस हे पाच जण डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे आले, ते नेहमीच्या स्टुडिओपेक्षा वेगळ्या जागी, रंगमंचावर वाजवल्यासारखा अल्बम मुद्रित करण्यासाठी. रोलिंग स्टोन्स या बँडचा फिरता स्टुडिओ, म्हणजे आत मुद्रणयंत्रणा बसवलेला ट्रक, त्यांनी भाड्याने घेतला होता. तेथील कॅसिनो हिवाळ्यात बंद होणार असल्याने त्यानंतर ते सभागृह त्यांना मिळणार होते. त्याआधी अमेरिकन संगीतकार फ्रँक झॅपा आणि त्यांचा बँड मदर्स ऑफ इन्व्हेन्शन यांचा एकच कार्यक्रम तेवढा उरला होता.

तो कार्यक्रम ४ डिसेंबरला झाला आणि डीप पर्पलचे सदस्यही श्रोत्यांमध्ये होते. कार्यक्रम रंगात असताना गर्दीतील कोणीतरी फ्लेअर गन (पेटता इशारा-गोळा सोडणारे पिस्तूल) छताच्या दिशेने झाडली, आणि छताने पेट घेतला. झॅपाने शांतपणे लोकांना बाहेर पडण्यास सांगितले. माँत्रो जॅझ महोत्सवाचे संस्थापक क्लोद नोब्स स्वतः आत धावून गेले आणि त्यांनी अनेक तरुणांना बाहेर काढले. गाण्यात त्यांचा उल्लेख नावानिशी येतो. एवढ्या भीषण आगीत कोणाचाही मृत्यू झाला नाही, हे विसरता कामा नये. झॅपाच्या बँडची वाद्ये मात्र जळाली. इमारत धडाडून जळत राहिली, धूर जिनेव्हा सरोवरावर पसरत गेला आणि बँडचे सदस्य ते दृश्य दुरून पाहत राहिले. काही दिवसांनी पहाटे जाग येताना ग्लोव्हर यांच्या तोंडून शीर्षकाचे शब्द निघाले. ते अमली पदार्थांविषयीचे गाणे वाटेल, अशी शंका बँडला प्रथम आली होती.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नोब्स यांनी त्यांना पॅव्हिलियन नावाचे दुसरे नाट्यगृह मिळवून दिले. या गाण्याचा वाद्यमेळ तिथेच मुद्रित झाला, पण आवाजामुळे शेजारी त्रासले आणि पोलीस आले. मुद्रण पूर्ण होईपर्यंत मदतनिसांनी दारे आतून दाबून धरली होती, असे सदस्यांनी पुढे सांगितले आहे. ती जागा सोडावी लागल्यावर ते हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलात गेले आणि तिथल्या मार्गिकेत गाद्या लावून उरलेला अल्बम मुद्रित केला. ट्रक बाहेर उभा असल्याने मुद्रण ऐकण्यासाठी खोल्या आणि सज्जे ओलांडत जावे लागे, त्यामुळे हळूहळू त्यांनी प्रत्येक वेळी जाऊन ऐकणेच सोडून दिले. ‘मशीन हेड’मध्ये जो ताजा, सलग वाजवल्याचा जोम ऐकू येतो, त्याचे एक कारण मला ही गैरसोयच वाटते.

उत्तर: सहा तारा

वरील उत्तरात संगीताची बाजू जोडतो. वाद्यमेळ शब्दांच्या आधी तयार होता. आगीची हकीकत त्यावर नंतर बसवली गेली. प्रसिद्ध रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी धून) जी मायनर या स्वरश्रेणीतील चार स्वरांभोवती फिरते, आणि ब्लॅकमोर ती दोन-दोन तारा एकत्र, चतुर्थाच्या (स्वरश्रेणीत पहिल्यापासून चौथ्या स्वराच्या) अंतराने वाजवतात. त्यासाठी ते पिक (तार छेडण्याची छोटी पट्टी) न वापरता बोटांनी तारा छेडतात, म्हणून दोन्ही स्वर एकाच क्षणी उमटतात; नवशिके पिकने वाजवतात तेव्हा नेमका हाच एकजीवपणा हरवतो. सुरुवात नीट ऐका: आधी एकटी गिटार, मग हाय-हॅट (ड्रम्समधील झांजांची जोडी) आणि मार्शल अँप्लिफायरमधून खरखरीत केलेला लॉर्ड यांचा हॅमंड ऑर्गन, त्यानंतर उरलेले ड्रम्स, मग बास आणि सर्वांत शेवटी गायन. पुष्कळांना जो आवाज केवळ गिटारचा वाटतो, त्यात ऑर्गनचा वाटा फार मोठा आहे.

तारस्वर

दोघांचेही मनापासून आभार. गाणे इतके प्रभावी असताना ते एकेरी तबकडी (सिंगल) म्हणून लगेच का आले नाही?

उत्तर: जुनी तबकडी

कारण बँडचा भरवसा त्याच अल्बममधील ‘नेव्हर बिफोर’ या गाण्यावर होता. एकेरी तबकडी म्हणून आधी तेच निघाले. ‘मशीन हेड’ मार्च १९७२ मध्ये आला, पण ‘स्मोक ऑन द वॉटर’ अमेरिकेत एकेरी तबकडीच्या रूपात १९७३ मध्ये निघाले आणि बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. दरम्यान ऑगस्ट १९७२ मधील जपान दौऱ्यात मुद्रित झालेल्या ‘मेड इन जपान’मध्ये त्याचे मैफलीतील रूपही आले होते. स्टुडिओतील मुद्रणानंतर ते अवश्य ऐका; लॉर्ड आणि ब्लॅकमोर यांच्यातील सवाल-जवाब तिथे अधिक मोकळेपणाने ऐकायला मिळतात.