कोकण रेल्वे विलीन झाली म्हणजे सगळं सुरळीत?

खाडीपट्टा: 'कोकण रेल्वे ही खाजगी कंपनी, नफ्यासाठी चालते, भारतीय रेल्वेत विलीन केली की दुसरा रूळ पडलाच समजा.' काल इथे वाचलं आणि डोकं फिरलं. खाजगी? कंपनी काढताना 51 टक्के वाटा केंद्राचा, 22 महाराष्ट्राचा, 15 कर्नाटकचा, गोवा-केरळ सहा-सहा. 1990 साली कंपनी काढली कारण रेल्वेच्या बजेटमध्ये कोकणाचा नंबर लागतच नव्हता. रोखे काढून बाजारातून पैसा उभा केला, 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्ग सुरू. रेल्वे खात्यावर सोडलं असतं तर रोह्याच्या पुढे अजून लाल डबाच.

परशुरामाची पोर: रोखे काढले, पण फेडतंय कोण? इथे अंतर 40 टक्के फुगवून तिकीट लावतात, मालाला 50. विदर्भातला माणूस शंभर किलोमीटरचे पैसे देतो, आम्ही एकशेचाळीसचे. कौतुक तुमचं, भुर्दंड आमचा. दुहेरी मार्ग रोहा ते वीर, तोही 2021 ला. पुढे आहेच क्रॉसिंगला ताटकळणं.

लालपरी जिंदाबाद: विलीनीकरणाची गोडी एसटीवाल्यांना विचारा. राज्य सरकारात विलीन करा म्हणून ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022 संप केला, पदरात पडली पगारवाढ.

खाडीपट्टा: एसटी कंपनी नाही हो, 1950 च्या कायद्याखालचं महामंडळ आहे. दोन्ही एका टोपलीत घालू नका.

लालपरी जिंदाबाद: कायदा ठेवा बाजूला. 75 वर्षांवरच्यांना फुकट, बायकांना अर्धं तिकीट, घोषणा मंत्र्यांची. भरपाईसाठी महामंडळाने मंत्रालयात हात पसरायचे. आणि तोटा दिसला की 'चालवता येत नाही' म्हणून बोंब. हा कुठला न्याय?

देवरूखची सून: माझे मिस्टर एका महामंडळात होते, नाव घेत नाही. निवडणूक आली की ड्युटीचं पत्र घरपोच, तेव्हा 'शासकीय कर्मचारी'. रिटायर झाल्यावर पेन्शनचं विचारायला गेले तर टेबलावरचा बाबू म्हणाला, 'तुम्ही महामंडळाचे, सरकारचे नव्हे.' मान वर करून बघितलंसुद्धा नाही. कंपनी बरी की खातं, ते तुम्ही भांडत बसा.

खाडीपट्टा: ताई, वाईट झालं, पण इथे विषय रेल्वेचा आहे.

देवरूखची सून: विषय हाच आहे. वाचा परत.

मालवणी झील: ता 51 नि 22 टक्के ऱ्हवांदे. चतुर्थीच्या गाडयेचा बुकिंग उघडला का दोन मिनटांत वेटिंग, तेचा काय ता बोला!

खाडीपट्टा: बरं, 40 टक्क्यांचा मुद्दा मान्य, खूश? पण विलीन झाल्यावर ते जातील हे लेखी कुठे आहे? 2025 ला महाराष्ट्राने संमती दिली तेव्हा गाजलेल्या अटी दोन: नाव कोकण रेल्वेच ठेवा आणि राज्याचे पैसे परत करा. तिकिटाचं काय, दुसऱ्या रुळाचं काय?

परशुरामाची पोर: मग आता कंपनीकडे तरी आहेत का दुसऱ्या रुळाचे पैसे? इतकी बाजू घेताय, कोकण रेल्वेच्या बेलापूरच्या ऑफिसात नोकरीला आहात का?

खाडीपट्टा: आंब्याचा धंदा आहे माझा.

परशुरामाची पोर: पाठवता कशाने?

खाडीपट्टा: ट्रकने. घ्या, मिळाला ना मुद्दा?