एका माइकवर भागतं
मदतनिधीसाठी ब्लूग्रासचा (अमेरिकेतलं तारवाद्यांचं लोकसंगीत) कार्यक्रम ठेवला तर साउंडच्या भाड्यातच निम्मा निधी जाईल, ही तुमची भीती समजते. पण ब्लूग्रासला तेवढा पसारा लागत नाही. ड्रम सहसा नसतातच. बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार, उभा बास. ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोच्या वळणाचे कित्येक बँड अजूनही एकाच माइकभोवती उभे राहतात. ज्याची पाळी तो पुढे सरकतो. (ती सरकासरकी बघण्यातही मजा असते.)

इथे नॉर्थ कॅरोलायनात आम्ही स्वयंसेवी अग्निशमन दलासाठी त्यांच्याच गॅरेजात कार्यक्रम केला, बंब बाहेर काढून. तिकीट नाही, मध्यंतरात देणगीसाठी बादली फिरवली. फसलो एकाच ठिकाणी: पार्किंगमध्ये हौशी वादकांचं जॅमिंग रंगलं, निम्मे श्रोते तिकडेच, आणि बादली मात्र आत फिरतेय! यंदा दोन बादल्या घेतल्यात.