ख्रिस्ती माणसाने जगिक (म्हणजे उपासनेबाहेरची) गाणी ऐकावीत का? घरात रेडिओवरून वाद झालाय, मार्गदर्शन हवं

पुण्याची_आई
सगळ्यांना जय ख्रिस्त. जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. आमचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती, मूळचे नेवाशाकडचे, आता पुण्यात. मुलगा 19 वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यापासून तो मित्रांबरोबर एका नवीन फेलोशिपला (प्रार्थनेच्या गटाला) जायला लागला आणि खरं सांगते, त्याच्यात चांगला फरक पडलाय. पहाटे उठून बायबल वाचतो, उलट बोलणं कमी झालं, मला आनंदच आहे. पण महिन्यापूर्वी तिथल्या तरुणांच्या सभेत सांगितलं की जगिक गाणी म्हणजे सैतानाला उघडून दिलेलं दार. घरी येऊन त्याने मोबाईलमधली सगळी गाणी उडवली, अगदी शाळेत असताना गिटारवर बसवलेली सुद्धा. त्याचं त्याने केलं म्हणून मी काही बोलले नाही.

परवा मात्र वेगळंच झालं. सासूबाई 81 वर्षांच्या आहेत. सकाळचा चहा आणि रेडिओवरचे अभंग हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. हा बाहेर आला आणि सरळ रेडिओचं बटण फिरवून बंद केलं, म्हणाला "आजी, हे आपल्या घरात नको". त्या एक शब्द बोलल्या नाहीत. चहावर साय धरली तरी कप तसाच. दुपारी बघते तर रेडिओवर त्यांनी स्वतःच हातरुमाल टाकून ठेवलेला, तो अजून तसाच आहे.

मला कळत नाहीये काय बरोबर. सिनेमाची गाणी एक वेळ सोडा, त्यातली काही मलाही ऐकवत नाहीत. पण भावगीतं, नाट्यपदं, अभंग? बायबल याबद्दल नक्की काय म्हणतं? मुलाचा विश्वास मला मोडायचा नाहीये आणि सासूबाईंना असं गप्प बसलेलंही बघवत नाही.

नवी_सुरुवात
ताई, प्रभूमध्ये सलाम. पहिली विनंती ही की मुलाला हसू नका आणि घरात कोणाला हसू देऊ नका. मी स्वतः सगळी सिनेमाची गाणी सोडलेला माणूस आहे, बारा वर्षं झाली. माझं कारण सांगतो. मी खूप प्यायचो. आमच्या नाक्यावरच्या परमिट रूममध्ये ठराविक जुनी गाणी लागायची, तीच तीच, आणि दारू सुटल्यावर सुद्धा रिक्षात किंवा कोणाच्या हळदीत त्यातलं एखादं कानावर पडलं की तोंडाला कोरड पडायची, हात थरथरायचे, खोटं सांगत नाही. गाणं वाईट नव्हतं हो, दुःखाचं साधं गाणं होतं, पण माझ्यासाठी ते त्या टेबलापर्यंत नेणारी वाट होती. म्हणून सोडलं. बायबलमध्ये प्रेषित पौल म्हणतो ना, सगळ्या गोष्टींची मोकळीक आहे पण सगळ्याच हितकारक नसतात (1 करिंथ 6:12), ते मी माझ्या अंगावर शिकलोय.

पण ताई, माझी बायको तीच गाणी स्वयंपाक करताना गुणगुणते आणि तिला मी आजवर अडवलं नाही. माझी जखम माझी आहे, तिच्या अंगाला पट्टी कशाला बांधू. मुलाने स्वतःचा मोबाईल साफ केला त्याबद्दल त्याची पाठ थोपटा. आजीच्या रेडिओचं बटण मात्र त्याचं नव्हतं.

नगरचा_संडेस्कूलवाला
वरच्या भावाशी सहमत. मी थोडं आपल्या मराठी मंडळीच्या बाजूने लिहितो कारण हे पोरांना कोणी सांगतच नाही.

आपल्याकडे सुरुवातीच्या मिशनरी काळात उपासनेत बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरं आणि विलायती चाली असायच्या. गावाकडच्या माणसाच्या जिभेवर त्या बसायच्या नाहीत. मग एकोणिसाव्या शतकात नगरला कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, टाळ, मृदंग, पूर्वरंग, आख्यान, सगळं. पुढे नारायण वामन टिळक आले, 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांनी अभंग, ओव्या, पदं असं इतकं लिहिलं की आजही उपासना संगीत (आपलं मराठी गीतांचं पुस्तक) उघडलं की पानोपानी तेच भेटतात. आता विचार करा, अभंगाचा छंद कोणाचा? वारकऱ्यांचा. टिळक तर उघड सांगायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तुमच्या मुलाच्या आजीने लहानपणी देवळात (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणायचे जुने लोक) जे गायलं असेल त्याचा ठेका आणि रेडिओवरच्या अभंगाचा ठेका एकच आहे. त्यांच्या कानाला त्यात परकं काही वाटतच नसणार.

आणि टिळकांनी फक्त भक्तीचंच लिहिलं का? "केवढे हे क्रौर्य" शाळेत सगळ्यांनी पाठ केलीय, बाण लागलेल्या पक्षिणीची कविता. त्यात येशूचं नाव नाही. मुलांवर, फुलांवर त्यांनी ढिगाने कविता केल्या. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी येऊन राहिले होते, त्यांचे निसर्ग कवितेचे दिवस त्या ख्रिस्ती घरातही गेले. आता त्या पक्षिणीच्या कवितेला जगिक म्हणायचं का? मला तरी जमत नाही.

बायबलचंच म्हणाल तर उत्पत्ती 4:21 बघा, वीणा आणि बासरी वाजवणाऱ्यांचा मूळपुरुष युबाल, आणि तो भावाचा खून करणाऱ्या काइनाच्या वंशातला. म्हणजे वाद्यं आली खुनी माणसाच्या घराण्यातून, आणि तीच वीणा दाविदाने हातात घेतली. 22 व्या स्तोत्राच्या डोक्यावर 'पहाटेची हरिणी' या चालीवर असं दिलंय, ते लोकांच्या तोंडी असलेलं एखादं गाणंच असावं असं बरेच अभ्यासक मानतात. आणि गीतरत्न तर नवरानवरीचं प्रेमगीतच आहे, आपल्याच बायबलात.

तरी कसलंही ऐका असं मी म्हणत नाही. फिलिप्पै 4:8 मधली चाळणी माझ्या वर्गात मी मुलांना देतो, जे सत्य, जे आदरणीय, जे शुद्ध त्याचं मनन करा. आमच्या मुलांनी एकदा वहीत त्या आठवड्यात ऐकलेल्या गाण्यांचे शब्द लिहून आणले. चाल काढून टाकून नुसते शब्द मोठ्याने वाचायला लावले. दोनतीन गाणी वाचताना मुली खाली बघायला लागल्या आणि मुलं गप्प झाली, मला वेगळं काही सांगावंच लागलं नाही. चर्चमधल्या गाण्यांनाही तीच चाळणी लावली, त्यातही एकदोन पोकळ निघाली.

वचनावर_उभा
दादा तुमची माहिती चांगली आहे, पण ताईंचा प्रश्न अभंगाचा होता आणि त्याला तुम्ही बगल दिली. प्रेमगीत वेगळं आणि दुसऱ्या दैवताची स्तुती वेगळी. आम्ही पहिल्या पिढीचे ख्रिस्ती आहोत, माझ्या वडिलांनी माळ उतरवली तेव्हा भावकीने आमच्याशी बोलणं टाकलं होतं. त्यांना विठ्ठलाचा अभंग लागला की ती सगळी ओढाताण परत आठवते, ते उठून दुसऱ्या खोलीत जातात. चार पिढ्यांच्या घरात जे सहज आहे ते आमच्याकडे सहज नाही, एवढंच समजून घ्या.

नगरचा_संडेस्कूलवाला
हो, बगल दिली खरी, आणि तुमच्या वडिलांबद्दल मनापासून आदर आहे. 1 करिंथ 8 मध्ये मूर्तीच्या नैवेद्याचा अगदी हाच वाद आहे. पौल म्हणतो मूर्ती काही नाही हे आपल्याला माहीत आहे, पण ज्याला अजून त्रास होतो त्याच्यासमोर मी खाणार नाही. तुमच्या घरी मी आलो तर अभंग लावणार नाही, तोंडातून काढणारही नाही. पण तोच पौल अथेन्समध्ये, प्रेषितांची कृत्ये 17:28, ग्रीक कवीची ओळ घेतो, "आपण त्याचा वंश आहोत", आणि ती ओळ मुळात झ्यूस देवावरच्या कवितेतली आहे. म्हणजे त्याने ती कविता ऐकली होती, पाठ केली होती. 81 वर्षांची बाई येशूला प्रभू मानून तुकोबांचं ऐकते तेव्हा ती कोणापुढे नमते हे तिला पक्कं माहीत असतं. ज्याला माहीत नाही त्याने लांब राहावं.

दादरचा_क्वायर
आम्ही कॅथलिक, मूळ गोव्याचे, तर थोडं आमच्याकडचं. आमच्यात हा प्रश्न वेगळ्या बाजूने आला. ऐकायचं की नाही यापेक्षा चर्चच्या आत काय चालेल यावर सगळी कडक शिस्त. 1903 ला दहावे पायस पोप यांनी उपासनेतून नाटकी थाटाचं संगीत आणि पियानो सुद्धा बंद केला होता. पण बाहेर? गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मेस्त (संगीत शिक्षक) मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवायचे, मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठी. तीच मुलं मोठी होऊन मुंबईला आली आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, त्यांचे वडील चर्चचे क्वायरमास्टर. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनसाठी अरेंजमेंट केल्या. आपण ज्याला जगिक म्हणतो त्या गाण्यांतले व्हायोलिनचे तुकडे चर्चमध्ये शिकलेल्या बोटांनी वाजवलेत. आणि मांडो तर ख्रिस्ती घरातच जन्मलेलं प्रेमाचं गाणं, आमच्या लग्नात त्याशिवाय चालत नाही.

माझे आजोबा शनिवारी रात्री दोन वाजेपर्यंत हॉटेलात वाजवायचे आणि रविवारी सातच्या मिस्साला तीच व्हायोलिन घेऊन चर्चच्या वरच्या लॉफ्टमध्ये, जिथे गाणारे-वाजवणारे बसतात. मधे एकच गोष्ट करायचे, मऊ कपड्याने तारांवरची रोझिनची (गजाला लावायच्या राळेची) पूड पुसून काढायचे. मी विचारलं होतं का पुसता. म्हणाले, देवासमोर स्वच्छ सूर जावा. दोन व्हायोलिन घ्यावीत असं त्यांना कधी वाटलं नाही.

मुलाने गिटार सोडली असेल तर ते मात्र बघा ताई. ती सोडू देऊ नका.

पुण्याची_आई
सगळ्यांचे खूप आभार, रात्री बसून सगळं दोनदा वाचलं. मुलालाही वाचायला दिलं, स्क्रीनशॉट न काढता मोबाईलच हातात दिला. त्याने नवी_सुरुवात दादांचं परत परत वाचलं. सिनेमाच्या गाण्यांबद्दल तो ठाम आहे आणि मी त्यात पडणार नाही. अभंगाबद्दल म्हणाला मला अजून पटत नाही, मला वेळ दे. पण मग आजीजवळ जाऊन बसला आणि "बटण मी बंद करायला नको होतं" म्हणाला.

त्या बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मग त्यांनी वडिलांचं सांगितलं. ते नेवाशाजवळच्या वडाळा मिशनकडे उपदेशक होते, एकतारी घेऊन वाड्यावस्त्यांवर कीर्तन करायला जायचे, कंदील धरायला ही लेक बरोबर. त्यांचं एक पद त्यांनी गाऊन दाखवलं, आवाज कापतो पण सूर पक्का आहे हो. दुसरं कडवं अर्धवट आठवलं. मुलाने ते मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि गिटार काढून सूर शोधत बसला, बऱ्याच दिवसांनी हात लावला त्याने गिटारला.

रेडिओवर रुमाल अजून आहे. उद्या सकाळी मी तो काढणार नाही, त्यांनाच काढू दे. नगरचे दादा, ते पद मी रेकॉर्डिंगवरून उतरवून इथे टाकते, उपासना संगीतात दुसरं कडवं सापडतंय का बघाल का?