उत्तर बरोबर तर १ मार्क, उत्तर चूक तर अडीच. हे कसलं गणित?

किराणावाला_वाई

नमस्कार मंडळी. वाईत आमचं किराणा दुकान आहे, शिक्षण बारावी कॉमर्स. प्रश्न अडाणी वाटला तर सांभाळून घ्या.

थोरली यंदा दहावी झाली, मराठी माध्यम. बीजगणितात ४० पैकी ३१, भूमितीत ३४. आता कोणी म्हणेल वाईट काय आहे त्यात. पण तिने घरी येऊन पेपर जुळवला होता, तिच्या हिशोबाने पाच-सहा मार्क जास्त यायला हवे होते. दोन दिवस पोरगी नीट जेवली नाही. मग विषयाला ४०० रुपये भरून दोन्ही पेपरांच्या छायाप्रती मागवल्या. मागच्या गल्लीतल्या मैत्रिणीनेही मागवल्या होत्या. काल दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा दोघींनी काउंटरवरच कागद पसरले.

चार मार्कांचं एक गणित होतं. आयताकृती बाग, लांबी रुंदीपेक्षा ४ मीटर जास्त, क्षेत्रफळ ९६ चौरस मीटर, तर लांबी-रुंदी काढा. मैत्रिणीचं उत्तर रुंदी १२, लांबी १६. बारा सोळे १९२! बाग डबल झाली की. तिला अडीच मार्क. आमच्या बाईसाहेबांनी लिहिलंय, '८ × १२ = ९६, म्हणून रुंदी ८ मी., लांबी १२ मी.' सोळा आणे बरोबर. मार्क १.

मी गिऱ्हाइकाचा हिशोब डोक्यात करतो. पैसे बरोबर निघाले तर 'तुम्ही कागदावर करून दाखवलं नाही' म्हणून कोणी पाव भागच पैसे देतं का?

दुसरं भूमितीत. वर्तुळाला स्पर्शिका काढायची होती. आकृती इतकी स्वच्छ की छापल्यासारखी, तरी २ पैकी १. पुनर्मूल्यांकनाला टाकावं का? छायाप्रत हातात आल्यापासून कामाचे ५ दिवस असतात म्हणे, त्यातले दोन गेले.

---

आजऱ्याच्या_बाई

दादा, मी तीस वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं दहावीचे गठ्ठे तपासले. सुरुवात केली तेव्हा गणित दीडशेचं होतं, बीजगणित ७५ आणि भूमिती ७५. आता ४०-४० आणि शाळेकडचे २०. पॅटर्न बदलत गेले, पण तुमची ही तक्रार दर जूनला कोणी ना कोणी घेऊन यायचंच. पालक शाळेच्या व्हरांड्यात उभे राहायचे, पेपर हातात, आणि पहिलं वाक्य हेच, "बाई, उत्तर बरोबर आहे की हो!"

आधी तो अडीच आणि एक कुठून आला ते सांगते. मी पेपर पाहिलेला नाही, पण अशा उदाहरणाचे ४ मार्क साधारण कसे फोडतात ते तोंडपाठ आहे. 'समजा रुंदी क्ष मीटर' म्हणून क्ष(क्ष + ४) = ९६ मांडलं की १. त्याचं क्ष² + ४क्ष − ९६ = ० केलं की अर्धा. अवयव पाडले की १. क्षच्या दोन्ही किमती काढल्या की अर्धा. रुंदी ऋण नसते म्हणून एक किंमत सोडली, आणि तसं लिहिलं, की अर्धा. शेवटी लांबी-रुंदी एकक लावून लिहिली की अर्धा. झाले चार.

आता मैत्रिणीचा पेपर. १२ आणि १६ आलंय म्हणजे तिने नक्की (क्ष − १२)(क्ष + ८) केलंय. चिन्हं उलटी पडली. अवयवांचा १ गेला, शेवटच्या उत्तराचा अर्धा गेला. बाकी मांडणी बरोबर, आणि आलेल्या चुकीच्या अवयवांवरून पुढचं काम तिने सरळ केलं, −८ का सोडला तेही लिहिलं असणार. अडीच. एका चुकीची शिक्षा प्रत्येक ओळीला करायची नाही, हे आम्हा तपासणाऱ्यांच्या चर्चेत दर वर्षी बजावलं जायचं.

तुमच्या मुलीला १ मिळाला तो उत्तराचा अर्धा, आणि ९६ चा ताळा दिसतो म्हणून अर्धा. खरं सांगू? तपासणाऱ्याने हात सैल सोडलाय.

तुमच्याच दुकानात या. दोन पोरं कामाला आहेत. एकाने दिवसभराची वही लिहिली, एका ठिकाणी आकडा चुकला, संध्याकाळी गल्ला जुळेना. दुसऱ्याने वहीच लिहिली नाही, नुसतं म्हणाला "मालक, गल्ला बरोबर आहे." आणि तो बरोबर निघालाही. उद्यापासून काउंटरवर कोणाला बसवाल?

पण मला तुमच्या मुलीबद्दल वेगळंच बोलायचंय. तिने पाढ्यांवरून ८ आणि १२ ओळखले, ही हुशारी आहे. मात्र रुंदी पूर्ण संख्याच असेल हे तिला कोणी सांगितलं? साडेसात मीटर का नसेल? दुसरं एखादं उत्तर लपून बसलेलं नाही, हे कागदावर कुठेच नाही. तिने फक्त एवढी ओळ लिहिली असती, 'रुंदी वाढली की लांबीही वाढते, म्हणून क्षेत्रफळ वाढतंच. ८ पेक्षा कमी घेतली तर ९६ पेक्षा कमी, जास्त घेतली तर जास्त. म्हणून ८ हेच एक उत्तर,' तर वर्गसमीकरण न मांडताही मी चारपैकी चार दिले असते. नियामकांनी, म्हणजे आमची तपासणी पुन्हा बघणाऱ्यांनी, विचारलं असतं तर भांडलेही असते. वेगळ्या रीतीला मार्क नाहीत हा समज चुकीचा आहे. वेगळी रीत पूर्ण हवी, एवढंच.

स्पर्शिकेचं मात्र मला न बघता कळलं. आकृती 'छापल्यासारखी' आहे ना? तिने कंपासचे कंस खोडरबराने पुसलेत! भूमितीच्या प्रश्नपत्रिकेवर वरच सूचना छापलेली असते, रचनेच्या खुणा स्पष्ट असाव्यात, पुसू नयेत. खुणा नसतील तर रेघ कंपासने आली की गुण्याने अंदाजाने ओढली, हे आम्ही कसं ओळखायचं? नीटनेटक्या मुली हमखास इथे मार्क घालवतात. मुलगे गबाळे, त्यांचे कंस राहतात.

आणि तपासणारा कोणी राक्षस नसतो हो. पेपरवर नाव-गाव काही नसतं, बारकोड असतो. पहिले दहा पेपर मी पेन्सिलने तपासायची आणि मग परत पहिल्यापासून लाल पेनने, कारण सुरुवातीला हात कडक असतो, नंतर मवाळ होतो. दुपारी जेवण झाल्यावर तर डोळ्यांसमोर सगळे क्ष नाचायला लागतात. माझीही चूक झालीय. एका वर्षी दोन समीकरणांचा आलेख काढायचा प्रश्न होता, ४ मार्कांचा. एका पेपरात समीकरणं होती, बिंदूंचा तक्ता होता, आलेखच नव्हता. मी तक्त्याचे मार्क देऊन पुढे गेले. दोन दिवसांनी नियामक सरांनी तो पेपर माझ्यापुढे ठेवला. काही बोलले नाहीत, नुसतं बोटाने खूण केली, उलटा. पुरवणीच्या मागे, दोऱ्यात अडकून दुमडलेला आलेखकागद. रेघा सुंदर, छेदनबिंदू बरोबर. पोराचे अडीच मार्क मी खाल्ले होते. कान गरम झाले माझे. त्यानंतर प्रत्येक पेपर दोऱ्याला धरून उलटा झटकल्याशिवाय मी बेरीज केली नाही.

म्हणून तुम्ही आधी हे करा. उत्तर बरोबर की चूक ते बाजूला ठेवा. प्रत्येक पानावर मार्क पडलेत का बघा, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का बघा, मग आतले मार्क आणि वरच्या पानावरची बेरीज ताडून घ्या. बेरीज तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येते. त्यात काही सापडलं तर भांडायला जागा आहे. बागेच्या गणितावर मात्र पुनर्मूल्यांकनाचे ३०० रुपये घालू नका.

---

दहावी_सुटली_एकदाची

काका माझा पण किस्सा. १(अ) मधे पर्यायाचे प्रश्न असतात, चार मार्कांचे. एकाला मी आधी 'ब' लिहिलं, मग खोडून 'क'. 'क' बरोबर होतं. मार्क शून्य. छायाप्रत घेऊन सरांकडे गेलो तर त्यांनी प्रश्नपत्रिकाच पुढे केली, तिथे लिहिलेलंच आहे की पहिला प्रयत्नच धरणार. वर्षभर सराव पेपर सोडवले पण सूचना एकदाही वाचल्या नव्हत्या. आणि कृतीचे प्रश्न सोडू नका म्हणावं कोणाला, चौकटी भरायच्या असतात फक्त, एकेका चौकटीला अर्धा. आमच्या वर्गातला सगळ्यात ढ मुलगा त्यावर तरला.

---

लेस्टरकर

बाईंचं वाचून राहवलं नाही. मी मूळची सातारची, इथे इंग्लंडमध्ये शाळेत गणित शिकवते आणि उन्हाळ्यात जीसीएसईचे, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेचे, पेपर तपासते. इथे या मुलीला बहुतेक पूर्ण मार्क मिळाले असते! प्रश्नात 'रीत दाखवाच' असं बजावलेलं नसेल तर नुसत्या बरोबर उत्तराला साधारणपणे सगळे मार्क द्यायचे, असा इथला प्रघात. मार्कांचे प्रकारच वेगळे असतात, रीतीचे 'एम' आणि अचूकतेचे 'ए'. उत्तर चुकलं तर एम वाचतात, ए जातात. मैत्रिणीचंही नुकसान फार झालं नसतं. फक्त अर्धा मार्क ही चीज इथे नाही, त्यामुळे एक तर मिळतो नाही तर जातो.

गठ्ठाही नसतो. पेपर स्कॅन होऊन पडद्यावर येतात आणि मला एकाच प्रश्नाची शेकडो उत्तरं दिसतात, पूर्ण पेपर एका मुलाचा असा दिसतच नाही. अधूनमधून आधीच तपासलेली उत्तरं गुपचूप आत सोडलेली असतात. माझे मार्क त्यांच्याशी जुळले नाहीत तर मला थांबवतात. बाईंची पेन्सिल म्हणजे तेच, फक्त स्वतःच्या मनाने केलेलं. पण एक सांगते, एखादं पोर पहिल्या पानावर घाबरलेलं आणि शेवटी सावरलेलं दिसायचं, ते मी आता बघू शकत नाही. त्याची चुटपुट वाटते.

---

आजऱ्याच्या_बाई

@लेस्टरकर, नुसत्या उत्तराला चारपैकी चार? मग पुढच्या बाकावरच्याचं बघून लिहिणाऱ्याचं काय करता गं? आमच्याकडे एका वर्गात पंचवीस पोरं बसतात. पण तुझं ते गुपचूप सोडलेल्या पेपरांचं आवडलं. माझ्या वेळी असतं तर आलेखवाला दुसऱ्या दिवशी सापडला असता.

---

किराणावाला_वाई

बाई, काल दुकान बंद केल्यावर बसलो. दोन्ही पेपरांची बेरीज तीनदा केली, एकदा वरून खाली, एकदा खालून वर, एकदा मुलीच्या आईने. ३१ आणि ३४. पैशाचा फरक नाही. कोरी पानंही रेघ मारून बंद केलेली आहेत.

कंसांचं विचारलं तर पोरीने मान खाली घातली. पुसलेत. "आकृती घाण दिसत होती" म्हणे.

बागेचं गणित मी तिला पुन्हा करायला लावलं, वर्गसमीकरण न मांडता, तुम्ही सांगितलं तसं. रुंदी साडेसात घेतली तर काय येतं ते तिने काढलं, साडेसात गुणिले साडेअकरा, सव्वा शहाऐंशी. मग म्हणाली, "आठला शहाण्णव येतात आणि मधे कुठे उलटं फिरत नाही, मग आठच." एवढं बोलायला तिला अर्धा मिनिट लागला. लिहायला सांगितलं तर वीस मिनिटं, आणि तरी शब्द जमेनात. तेव्हा कळलं मार्क कुठे गेले ते.

बीजगणिताला टाकत नाही. भूमितीला मात्र उद्या टाकतोय. भिंग घेऊन बघितलं तर स्पर्शिकेच्या वरच्या बाजूला एक कंस पुसट दिसतोय, छायाप्रतीत एवढा तर मूळ पेपरवर जास्त असणार. एका मार्काला ३०० रुपये म्हणजे तूरडाळीपेक्षा महाग आहे, घरात बोलणी खाल्ली. पण कंस आहे, बाई. मला दिसतोय.