शाई आणि जलरंगातील बोटींचे चित्र: रेषा फुटतात, काय करावे?

प्रश्न: मुंबईतील ससून डॉकमध्ये, म्हणजे १८७५ साली सुरू झालेल्या त्या जुन्या गोदीत, नांगरलेल्या मासेमारी बोटींचे चित्र मी करीत आहे, परंतु डोलकाठीच्या दोरांवरून रंगाचा हात फिरवताच शाई पसरून आकाश करडे होते. कृपया उपाय सुचवावा.

उत्तर १: आपली शाई बहुधा फाउंटन पेनाची असावी, ती पाण्यात पुन्हा विरघळते. काजळीच्या कणांची, लाखेचा बंध असलेली इंडियन इंक वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही. मात्र ती फाउंटन पेनात भरू नये, लाख वाळून निब तुंबते, टाक वापरावा.

उत्तर २: पावसाळ्यातील दमट हवेत ती शाईही उशिरा वाळते, तेव्हा घाई नको. माझे मत विचाराल तर आधी रंग भरावेत आणि कागद पुरता वाळल्यावरच रेषा ओढाव्यात; बोटीच्या नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा, निळा पट्टा रेषेबाहेर थोडा सांडलेला असला, तरच चित्राला आधुनिक मोकळेपणा येतो, अन्यथा तो रंगवलेला आराखडा वाटतो.

उत्तर ३: कागद दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, सुती घ्यावा. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नये, मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. मुंबईत काच टेकते तेथेच बुरशी धरते.