नोड २० वर नोड-सॅस बिल्ड होत नाही, पायथनचा 'डिस्टयुटिल्स' सापडत नाही म्हणतो

अर्धविराम:
व्ह्यू २ (वेबपेज बनवायची जावास्क्रिप्ट चौकट) चा जुना प्रोजेक्ट, व्ह्यू सीएलआय ४ या तिच्या बिल्ड-साधनावरचा. नोड १६ (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) वर बिनतक्रार चालत होता. नव्या मशीनवर उबुंटू २४.०४ आणि नोड २० आहे. एनपीएम (नोडचा पॅकेज मॅनेजर) इन्स्टॉल दिलं की नोड-सॅस ७.०.३ पाशी, म्हणजे सॅस स्टाइलचं सीएसएस करणाऱ्या पॅकेजपाशी, अडकतं. लॉगच्या शेवटी 'नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयुटिल्स', म्हणजे पायथनचं हे मॉड्यूल सापडत नाही. एनपीएम लेटेस्ट केलं, कॅश साफ केली, नोड-मॉड्यूल्स उडवून पुन्हा टाकलं, फरक शून्य. मुळात इथे पायथन आलं कुठून?

लूपबॅक:
नोड-सॅस ७ ची तयार बायनरी (आधीच कंपाइल केलेली फाइल) नोड १६, १७ साठी आहे, २० साठी नाही. म्हणून आधी नुसती डाउनलोड व्हायची, आता सोर्सपासून बिल्ड करायला जाते. ते काम नोड-जिप करतं आणि त्याला पायथन लागतं. उबुंटू २४.०४ मध्ये पायथन ३.१२ आहे, त्यातून डिस्टयुटिल्स काढून टाकलंय. नोड-जिप १० ला त्याची गरज नाही.

एनपीएम अपडेट करून काही होत नाही कारण नोड-सॅस स्वतःच्या डिपेंडन्सीतलं नोड-जिप ८ वापरतं, एनपीएमच्या पोटातलं नाही. 'एनपीएम एक्सप्लेन नोड-जिप' चालवा, कोणी ओढून आणलंय ते दिसेल.

कंसातला:
तात्पुरतं हवं असेल तर 'सुडो एप्ट इन्स्टॉल पायथन३-सेटअपटूल्स'. त्यातून डिस्टयुटिल्स परत मिळतं. थेट पिपने (पायथनचा पॅकेज मॅनेजर) टाकायला गेलात तर उबुंटू 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' म्हणून हाकलून देईल.

पण त्यात फार वेळ घालवू नका. पायथनचं जुळलं तरी पुढे सी++ कंपाइल होताना अडकू शकतं, कारण नोड २० च्या हेडर फाइल्सना सी++१७ (सी++ भाषेची नवी आवृत्ती) लागतं. पॅकेज-जेसनमध्ये (प्रोजेक्टच्या पॅकेजेसची यादी) ओव्हरराइड्स लिहून नोड-जिप १० लादलं तरी तीच गत.

लूपबॅक:
+१. नोड-सॅस आता डेप्रिकेटेड आहे, ते काढा. 'एनपीएम अनइन्स्टॉल नोड-सॅस', मग त्याच्या जागी सॅस १.३२ (हेच डार्ट सॅस) डेव्ह डिपेंडन्सी, म्हणजे फक्त बिल्डपुरतं पॅकेज, म्हणून टाका. आवृत्तीपुढे टिल्डा (~) ठेवा म्हणजे १.३२ वरच राहील, कॅरेट (^) नको. १.३३ पासून स्लॅशने केलेल्या भागाकारावर इशाऱ्यांचा पाऊस पडतो. वेबपॅकला (फाइली एकत्र बांधणारं साधन, तुमच्याकडे ४ आहे) सॅस जोडणारं सॅस-लोडर १० च्या वर नेऊ नका, ११ ला वेबपॅक ५ लागतं. लॉक फाइल (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) उडवू नका, नाहीतर बाकीची पॅकेजेसही हलतील आणि खरा दोष कुठला ते कळणार नाही.

अर्धविराम:
इन्स्टॉल झालं, धन्यवाद! आता बिल्डला 'एक्स्पेक्टेड सिलेक्टर' येतोय, एका कंपोनंटच्या स्टाइलमध्ये '/डीप/' (आतल्या कंपोनंटपर्यंत स्टाइल पोचवायची जुनी खूण) आहे तिथे.

कंसातला:
डार्ट सॅसला ते चालत नाही. सगळ्या प्रोजेक्टभर '::व्ही-डीप' करून टाका. त्यानंतर 'ओएसएसएल ईव्हीपी अनसपोर्टेड' येण्याची शक्यता आहे, त्याचा सॅसशी संबंध नाही. वेबपॅक ४ एमडी४ हॅश वापरतं, नोड १७ पासूनच्या ओपनएसएसएल ३ मध्ये ते बंद आहे. जुने हॅश पुन्हा चालू करणारा लेगसी प्रोव्हायडरचा फ्लॅग सगळीकडे सुचवलेला दिसेल, पण तो लावत बसण्यापेक्षा वेबपॅक ४.४७ वर न्या.