थांबलेली पेशी निवृत्त नसते

कुणीतरी लिहिलंय की विभाजन थांबवलेली पेशी म्हणजे निवृत्त पेशी. हे पटलं नाही. दादरच्या अलीकडे सिग्नलला अडकलेली लोकल, कारशेडात उभी केलेली लोकल आणि भंगारात काढलेली लोकल, तिन्ही थांबलेल्याच की!

सिग्नलला अडकणं म्हणजे असं: डीएनएला इजा झाली तर पी५३ हे प्रथिन पी२१ हे दुसरं प्रथिन वाढवतं आणि पी२१ सायक्लिन-सीडीके या विभाजन पुढे ढकलणाऱ्या प्रथिनांच्या जोडीला वेसण घालतं. दुरुस्ती झाली की वेसण सुटते. इजा फारच असेल तर पेशी भंगारातल्या लोकलसारखी कायमची थांबते, नाहीतर मरते.

कारशेड म्हणजे जी-झिरो, विभाजनाच्या फेरीबाहेरची विश्रांतीची अवस्था. यकृतातल्या बहुतेक पेशी तिथेच असतात, पण उंदराच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग कापला तर उरलेल्या पेशी विभाजू लागतात आणि आठवडा-दहा दिवसांत यकृत जवळपास पूर्वीच्या वजनाचं होतं. परत निघायचा निर्णय जी-वनमध्येच, म्हणजे फेरीच्या पहिल्या टप्प्यातच होतो. आर्थर पार्डी या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवलेला तिथला निर्णयाचा बिंदू ओलांडला, की वाढीचे संकेत काढून घेतले तरी ती फेरी पूर्ण होते.

पण मला सगळ्यात थक्क करतं ते स्त्रीबीज. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची बीजं अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रं निम्मी करणारं, लागोपाठ दोन विभाजनांचं) सुरू करून पहिल्यातच मध्ये थांबतात. चाळिशीत सुटणारं बीज म्हणजे चाळीस वर्षांचा विराम! बीज सुटण्याआधी एलएच या संप्रेरकाची लाट आली की ते पुढे सरकतं आणि दुसऱ्या विभाजनात पुन्हा अडतं. शुक्राणू आत शिरला की कॅल्शियमच्या लहरी उठतात, बीजाला तिथे रोखून धरणारं सायक्लिन-बी (सायक्लिनचाच एक प्रकार) नष्ट होतं आणि मगच ते विभाजन पूर्ण होतं.